आधी कोणी बोलायचं

सुमेध, या वेळी आधी तू बोलायला हवं होतंस.

नियम तुला पाठ होता. आपण दोघं लहानपणी भांडून तोंडं फिरवून बसलो की अण्णा एवढंच विचारायचे, "शेवटी कोण वरडलं?" चूक कोणाची हे त्यांनी कधी विचारलं नाही. जो शेवटी ओरडला त्यानं आधी बोलायचं, संपलं. अण्णा जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकायला लागले, तरी हा एक नियम आपण मोडला नव्हता. तुझी पाळी आली की तू माफीबिफी मागायचा नाहीस. स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहायचास, चौकटीला टेकून, आणि म्हणायचास, "ताई, चहा ठेवतीस का?" मी म्हणायचे, "ठेवते." अबोला सुटला. मग चहाला उकळी येईपर्यंत तू खरं काय ते सांगायचास. जालन्यातली नोकरी सोडल्याचं तू मला असंच सांगितलंस, आधणात साखर पडत असताना. तुला आवडलेल्या त्या मुलीनं नकार दिल्याचंही असंच. चहा चुलीवर नसताना तू मला आयुष्यात एकही महत्त्वाची गोष्ट सांगितली नाहीस.

त्या रविवारी शेवटी तू ओरडलास. परतूरच्या आपल्या अख्ख्या गल्लीनं ऐकलं, समोरच्या काकूंनी तर कपडे वाळत घालायचं सोडून ऐकलं. म्हणजे पाळी तुझी. आणि तू काय केलंस? निघून गेलास. पस्तिशीसुद्धा गाठली नाहीस आणि निघून गेलास. हे कुठल्या नियमात बसतं, सांग.

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप भरला होता. भन्तेजींची वंदना झाली तोवर सगळं ठीक होतं. मग लोक बोलायला उभे राहिले आणि माझं डोकं फिरलं. "सुमेध शांत स्वभावाचा होता." कोण, तू? "कधी कोणाला उलटून बोलला नाही." मी पांढरी साडी नेसून पुढे बसले होते, नाहीतर उठून माईक हिसकावला असता. एका अक्षराच्या जाडीवरून तू माझ्याशी दिवसभर वाद घातलेला आहेस. आणि तुझ्या मित्रांनी स्टेशन रोडला जो बॅनर लावला तो तर बघायलाच हवा होतास. कोणाच्या तरी हळदीतला गॉगल घातलेला फोटो, चारी बाजूंनी गुलाबाच्या पाकळ्या, खाली "युवा उद्योजक". उद्योजक! तीन दिवस बनियनवर खुर्चीत बसून राहणारा उद्योजक. मी येता-जाता त्या बॅनरकडे बघत नव्हते. एका रात्रीच्या वाऱ्यानं तो फाटला, तेव्हा मला बरं वाटलं.

मामांनी तर सगळ्यांसमोर विचारलं, "पण बाई, आपला सुमेध नेमकं करायचा काय?" आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना भागाकार समजावते, पण हे मला मामांना समजावता येईना. म्हटलं, मामा, दोन्ही हातांत धरून खेळायचं एक यंत्र असतं. मध्ये पडदा, दोन्ही अंगाला बटणं. ते चालू केलं की खेळ यायच्या आधी पाच-दहा सेकंद कंपनीचा व्हिडिओ येतो. तो काढून आपल्याला हवा तसा घालता येतो. सुमेध तसे व्हिडिओ करायचा, ज्याला जसा पाहिजे तसा. मामा म्हणाले, "म्हणजे चालू व्हायच्या आधीचं काम." मी म्हटलं, हो. "आन् चालू झाल्यावरचं?" ते दुसऱ्याचं असतं, मामा. मामांनी मान हलवली. त्यांना वाटलं, पोरगं वाया गेलं होतं. तू असतास तर त्यांच्याशीही भांडला असतास आणि वर म्हणे शांत स्वभाव.

सुरुवात मला आठवते. तू लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचास आणि लग्नसराई संपली की घरात येरझारा घालायचास. मग कुठून तरी ते यंत्र जुनं घेतलंस, स्वतःला खेळायला, आणि खेळायचं सोडून त्याच्या सुरुवातीच्या व्हिडिओच्याच मागे लागलास. पहिलं गिऱ्हाईक इंटरनेटवरून आलं, केरळातलं कोणी. त्याला यंत्र चालू होताना त्याचं कुत्रं धावत यायला हवं होतं, बस. तू मन लावून केलंस. कुत्रं धावत आलं, मधोमध थांबलं, आणि वरून गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. मागून बदामाची चौकट उघडली. खाली मराठीत, सोनेरी अक्षरांत, "आपले सहर्ष स्वागत". हात लग्नाला सवकलेला, दुसरं काय येणार त्यातून! मी हसून हसून खाली बसले. "सुम्या, कुत्र्याचं लग्न लावलंस रे." तू तोंड पाडून तसंच पाठवून दिलंस. त्या माणसाला ते इतकं आवडलं की त्यानं आपल्या सगळ्या दोस्तांना दाखवलं आणि पुढचे कितीतरी महिने लोक तुझ्याकडे त्या पाकळ्याच मागत होते.

त्यातूनच तू शिकलास, हे मी कबूल करते. पाकळ्या गेल्या. तू बाहेर पडायला लागलास. मोंढ्याजवळच्या जिनिंगमध्ये जाऊन सरकीपासून कापूस सुटताना टिपलास. तो कापूस हवेत उडतो, हळूहळू एकत्र येतो, त्याचं गोल बटण होतं आणि पडदा उजळतो. तो व्हिडिओ तू मला दाखवलास आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिलास. मी म्हटलं, "लांब आहे." लांब होताच. पण फार सुंदर होता. हे मी तुला पुढच्या चहाला सांगणार होते आणि मग तिसरंच काहीतरी निघालं. आता ऐकून घे. फार सुंदर होता.

लांबीवरून आपलं कधी पटलं नाही. मी म्हणायचे, माणूस खेळायला बसलाय, त्याला दाराशी ताटकळत ठेवू नकोस. तुझं ठरलेलं उत्तर होतं, "थांब जरा. चालू होऊन राह्यलं न." सगळ्याच गोष्टीला हेच. भाकरी गार होतेय, थांब जरा. गाडी सुटतेय, थांब जरा. डॉक्टरला दाखव, थांब जरा.

आणि तुझी ती डमीची पद्धत. गिऱ्हाइकाकडून खरा आवाज यायला उशीर व्हायचा. तोवर जागा धरून ठेवायला तू स्वतःचाच आवाज भरायचास, एसटीत रुमाल टाकून जागा धरतात तसा. "इथं घंटी वाजंल. टण्ण." "इथं याची पोरगी हसंल. ही ही ही." एवढा बाप्या माणूस खोलीत एकटा बसून ही ही ही करायचा आणि माय बाहेरून विचारायची, "काय झालं रं त्याला?" खरा आवाज आला की तू तुझा काढून टाकायचास. रेकॉर्डिंग बंद करायला मात्र तू हमखास विसरायचास. प्रत्येक डमीच्या मागे शेपूट असायचं. त्यात पंखा, तुझं खोकणं, दारावरचा भाजीवाला. मी म्हणायचे, तुझ्या शेपटांचाच एक सिनेमा होईल.

मग भागवत आला. केदारखेड्याचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला पोरगा, आता पुण्यात कंपनीत लागलेला. इंटरनेटवर तुला शोधून काढलं आणि तू आपल्याच जिल्ह्यातला निघालास म्हणून इतका हरखला की गावी आला तेव्हा वाट वाकडी करून यंत्रच हातात द्यायला आला. माझ्या पाया पडायला लागला, मी पाय मागे घेतले. त्याचा बाप नुकताच गेला होता. बापाला नव्या फोनमधलं एकच काम जमायचं, बटण दाबून धरायचं आणि बोलायचं. मेंढरं सोडायच्या आधी तो रोज पुण्याला पोराला आवाज पाठवायचा. भागवतनं तो आपल्याला ऐकवला. "भागवता, उठला का रं? ऊठ. उजाडलं." मागे मेंढरांचा गलका. भागवत खाली बघत म्हणाला, "दादा, मशीन चालू केलं की ह्यो आवाज यायला पायजे. बाकी तुम्हाला करायचं ते करा."

तू लगेच हो म्हणालास. मी त्याच्यासमोर काही बोलले नाही, पोरगं दुःखात होतं. ते गेल्यावर मी तुला म्हटलं, हे करू नको.

"का बरं?"

"माणूस खेळायला बसतो, आन् मेलेला बाप म्हणतो, ऊठ? बरं दिसतं का?"

"बसलेल्यालाच तर म्हणून राह्यला, ऊठ."

"थट्टा न्हाई, सुम्या. आज रडू येईल त्याला. मंग सवय होईल. मंग एक दिवस गडबडीत आवाज बारीक करून टाकील. दारावरची बेल होईल त्याच्या बापाची. आवाज झिजतो रे."

"झिजू दे न. वापरलेली वस्तूच झिजती. फोनमध्ये तसाच पडून राह्यला तर कोणाचा हाय तो?"

मी म्हटलं, आपल्यात आत्मा मानत नाहीत, गेलेल्याला रोज सकाळी उठवून बसवायचं हे कुठून काढलंस? आणि तू म्हणालास, "आत्मा कुठं म्हणून राह्यलो मी? आवाज म्हणून राह्यलो. आवाज तर हाय न. तू बी ऐकला." यावर मी आणखी चिडले. तू चिडलास. आवाज वाढत गेले. माय मध्ये पडली, तिचं कोणी ऐकलं नाही. आणि मग तू दारात उभं राहून ओरडलास, "आपल्या अण्णाचा आवाज आपल्यापाशी न्हाई, म्हणून तुला कोणाचाच नको! जळतीस तू!"

मी आत गेले. शेवटी तू ओरडला होतास.

हे खरं होतं की खोटं, ते मी तुला सांगणार होते. तू आधी बोललास की लगेच. अर्धं खरं होतं. अण्णांचा आवाज माझ्याकडे नाही. मावशीच्या लग्नाच्या व्हिडिओत ते एकदा तोंड उघडतात आणि नेमका बँड वाजतो. ती जागा मी किती वेळा मागे-पुढे करून पाहिली आहे, ते तुला माहीत नाही. पण उरलेलं अर्धं खोटं होतं. मी जळत नव्हते. मला भीती वाटत होती. भागवतचा बाप घासून घासून नुसता आवाज उरेल, माणूस निघून जाईल, याची भीती. एवढं साधं होतं. दोन कप चहात मिटलं असतं.

पुढचे दिवस माय आपल्या दोघांची टपालवाली झाली. "माय, त्याला सांग, भाकर वाढली." "माय, तिला सांग, भूक न्हाई." तुला भूक नव्हती, सुमेध. तुला! तू मायला सांगितलंस की छातीत जळजळतंय, आणि मायनं तुला थंड दूध दिलं. कचऱ्याच्या डब्यात ॲसिडिटीच्या पुड्यांची कागदं दिसत होती. मला वाटलं, बाहेरचं खाल्लं असेल. मला तू काहीच सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मानगूट धरून जालन्याला नेलं असतं, आणि हे तुला पक्कं माहीत होतं. अबोला म्हणजे बोलायचं नाही, एवढंच. मरायचं नाही हे वेगळं सांगावं लागतं का?

त्या सकाळी तू चप्पल घालता घालता उंबऱ्यातच बसलास. शेजारच्यांनी जीप काढली. मागच्या सीटवर तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी सगळं मोडून बोलत होते, नियम गेला खड्ड्यात, सुम्या, सुम्या, बोल. तू माझा हात धरला होतास, घट्ट. पण बोलला नाहीस. जालना यायच्या आधी तो हात सैल झाला. हात धरणं हे आधी बोलण्यात धरायचं की नाही, हे आता मी कोणाला विचारू? नियम करणारा तुझ्याआधीच गेलाय.

लोक म्हणतात, ताई, रडून घ्या. मला रडू येत नाही, मला राग येतो. दूधवाल्यावर येतो. शाळेत खडूवर येतो. तुझ्या चपला दारात आहेत तिथेच आहेत, त्यांच्यावर येतो. तुझ्यावर तर इतका येतो की तू समोर असतास तर दोन ठेवून दिल्या असत्या.

कार्यक्रम उरकल्यावर एका दुपारी भागवत आला. बराच वेळ अंगणातच उभा राहिला. मायनं आत बोलावलं तर दारापाशी बसला आणि म्हणाला, "ताई, मशीन तसंच द्या. काम ऱ्हाऊ द्या आता." त्याचं काही चुकलं नव्हतं, पण मी त्याच्यावर उखडले. "तसंच कसं? माझ्या भावानं घेतलेलं काम अर्धं कोणी नेत नसतं. बस तिथं. चहा पी." मी तुझ्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. कापायचं, जोडायचं तूच मला शिकवलं होतंस, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ सारखे माझ्या गळ्यात पडायचे म्हणून.

चित्र तू पुरं केलं होतंस. अंधुक उजेडात माळावरून मेंढरं येतात. पुढे पुढे येतात, पडदा भरून जातो, एक मेंढी मान वर करते आणि सरळ आपल्याकडे बघते. तेवढ्यात सगळं उजळतं. लांबी बरोबर होती. अगदी बरोबर. माझं ऐकलं होतंस म्हणजे, मेल्या, आणि सांगितलं नाहीस.

आवाजाच्या पट्टीवर तुझी डमी होती. "इथं भागवतच्या बाचा आवाज. उठला का रं? ऊठ. उजाडलं." म्हाताऱ्याची नक्कल करत होतास, वाईट. माझं काम एवढंच होतं, तुझा आवाज काढायचा आणि त्या जागी त्याच्या बापाचा ठेवायचा. बोट बटणावर ठेवून मी कितीतरी वेळ बसले. मग पाहिलं की चित्र संपलं तरी आवाजाची पट्टी पुढे चाललीय, शेपूट. मी हेडफोन लावला आणि ते ऐकलं.

पंखा आहे. खुर्ची करकरते. तू घसा खाकरतोस. मग आत मिक्सर सुरू होतो, आपला तो जुना, घरघर करणारा. आणि त्या घरघरीवर तुझा आवाज, "ताई." जरा थांबून पुन्हा, थोडा मोठ्यानं, "ताई, चहा ठेवतीस का?"

मिक्सर चालूच राहतो. बराच वेळ. कोणी उत्तर देत नाही.

मग तू म्हणतोस, "बरं." हळूच. आणि रेकॉर्डिंग संपतं.

तारीख त्या सकाळच्या आदल्या दिवशीची होती. ती दुपार मला आठवते. मी शेंगदाण्याची चटणी वाटत होते. तुझ्यासाठीच. बोलत नव्हते म्हणून काय झालं, तुला भूक नव्हती आणि त्या चटणीबरोबर तू दोन घास जास्त खातोस, म्हणून. तिचा डबा अजून फडताळात आहे, कोणी उघडलेला नाही.

अरे, मिक्सर चालू असताना अबोला सोडतात का? एवढा आवाजातला शहाणा तू, कुत्र्याचं भुंकणं आणि घंटीचा टण्ण वेगळा काढणारा, तुला कळलं नाही की मला ऐकू येणार नाही? दारात यायचं होतंस. नेहमी यायचास तसं, चौकटीला टेकायचं होतंस. खुर्चीतून का हाक मारलीस? उठवत नव्हतं का तुला? हा प्रश्न पडला आणि मग मात्र मी तुझ्या त्या टेबलावर डोकं ठेवलं.

आणि चहा ठेवला असता तर काय सांगणार होतास? छातीत दुखतंय म्हणून? ताई, मी उगाच ओरडलो म्हणून? की मेंढीची मान जरा आधी वर करू का, एवढंच? तुझा काही नेम नाही. तिन्ही गोष्टी तू एकाच आवाजात सांगितल्या असत्यास. मी तुला जन्मापासून ओळखते आणि मला हे ओळखता येत नाही. याचा जो संताप आहे त्याला मराठीत शब्द नाही.

बाहेर भागवत बसला होता. मी डोळे पुसले, तुझी डमी उचलून बाजूला ठेवली आणि त्याच्या बापाला त्या जागेवर बसवलं. यंत्रावर टाकून चालवून पाहिलं, कारण तू गिऱ्हाइकाच्या यंत्रावर चालवल्याशिवाय कधी दिलं नाहीस. मेंढीनं मान वर केली, म्हातारा म्हणाला, ऊठ, उजाडलं. भागवतनं यंत्र दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि गेला. मी त्याला शेपटाचं सांगितलं नाही. मायलाही नाही.

मध्ये काही दिवस गेले आणि त्याचा फोन आला. म्हणाला, "ताई, एक सांगू का? काल जेवता जेवता मशीन चालू केलं. ध्यान न्हवतं माझं. बा म्हणला, उठला का रं? आन् मी म्हणलो, उठलो. बराबर पहिल्यासारखं. रडू बी न्हाई आलं." मी विचारलं, मग वाईट वाटलं का? तो म्हणाला, "न्हाई. बरं वाटलं. जेवत राह्यलो मंग."

म्हणजे तुझंच खरं निघालं. झिजला म्हणजे वापरला. हे कळल्यावर मी भांडी इतकी आपटली की माय उठून आली. हरल्याचा राग नव्हता तो. हरल्याचं कोणाला सांगायचं, त्याचा होता.

तुझं स्वतःचं यंत्र तसंच पडलं होतं, कंपनीच्याच व्हिडिओचं. जगाला वाटून मोकळा, घरचं काही नाही. "तुझं कधी करतोस?" विचारलं की "थांब जरा". आता मी थांबत नाही. ते शेपूट मी त्यावर टाकलं. सगळं, पंख्यापासून "बरं"पर्यंत, एक कण न कापता. चित्र म्हणून आपल्या स्वयंपाकघराचं दार फोनवर टिपलं, मोकळी चौकट. फोन उभा धरला होता, त्यामुळे दोन्ही अंगांना काळे पट्टे आलेत. दहा सेकंदांच्या नियमाचा तर धुव्वा उडालाय. तू बघितलं असतंस तर जेवला नसतास. चरफड तिथं बसून.

टाकलं, पण आवाज बंद ठेवूनच चालू करायचे. चौकट यायची आणि जायची. मी तुझ्यावर रागावलेली आहे, सुमेध, आणि हे असं यंत्रातून बोलणं मला चालणार नव्हतं.

आज दुपारी शाळेतून आले तर माय डाळ निवडत बसली होती. मी यंत्र उचललं आणि बटण दाबलं. आवाज कसा वर गेला होता कोण जाणे, माझंच बोट लागलं असेल. पंखा आला. खुर्ची करकरली. मिक्सर सुरू झाला आणि तू म्हणालास, "ताई."

मायचा हात सुपातच थांबला. मला वाटलं, आता ही कोसळते. मी बंद करायला गेले.

"ताई, चहा ठेवतीस का?"

माय माझ्याकडे बघून म्हणाली, "हाक मारून राह्यला न तुला. ओ दे की त्याला."

तिचा आवाज अगदी रोजचा होता. मिक्सर घरघरत होता. मधली ती जागा, जिथे कोणी उत्तर देत नाही, ती लांब आहे. मी म्हणाले, "ठेवते."

तू म्हणालास, "बरं."

मी उठले. पातेल्यात पाणी घातलं, आलं ठेचून टाकलं, साखर टाकली. राग गेलेला नाही माझा, या भ्रमात राहू नकोस. पण पाळी तुझी होती आणि ती तू पुरी केली होतीस, हे मला मान्य करावं लागलं. आधण उकळायला लागलंय. मी चौकटीकडे तोंड करून उभी आहे.

चहा ठेवलाय, सुमेध. आता पुढचं बोल.